साडेसात घोडे

सोयरिकीतल्या माणसाने नवी गाडी घेतली, की आपली जुनी गाडी त्याच दिवशी आजारी पडते. हा नियम मेकॅनिकच्या शास्त्रातला नव्हे, संसाराच्या शास्त्रातला आहे. १९९१ च्या दिवाळीत आमचे मेव्हणे पुण्याहून थेट किल्लारीपर्यंत यामाहा आरएक्स १०० वर बसून आले. अंगणात गाडी लावून त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्या राजदूतकडे पाहिलं. तालुक्याचा डॉक्टर खेड्यातल्या वैदूकडे पाहतो, तसं पाहिलं. मग म्हणाले, "भाऊजी, अजून हीच का?"

या 'हीच का'मध्ये जे आहे ते ज्याला कळत नाही, त्याने लग्न केलेलं नाही असं खुशाल समजावं. हीच का, म्हणजे आमच्या ताईला अजून याच्यावरच बसवता का. सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही. नुसता ट्रे जरा जोरात ठेवला.

माझी राजदूत मी औशाच्या एका दूधवाल्याकडून घेतली होती. पाच वर्षं झाली तरी उन्हात उभी केली की तिला सायीचा वास यायचा. गावातल्या म्हशी तिच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहत. पण गाडी इमानी होती. दोन घागरी, एक पेंडीचं पोतं, मी, सौभाग्यवती आणि मधे चिरंजीव, एवढं घेऊन ती तेरणेचा उतार उतरायची आणि पलीकडचा चढ चढायची. घाई मात्र तिला ठाऊक नव्हती. बैल जसा आपल्या चालीने चालतो, तशी ती आपल्या चालीने चालायची.

खानदान म्हणाल तर तिचंही लहानसहान नव्हतं. पोलंड देशात एसएचएल नावाची मोटारसायकल होती, तिच्या एम ११ या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ च्या सुमारास आपली राजदूत काढली. पुढे धर्मेंद्र तिच्या जाहिरातीत बसला आणि अख्ख्या हिंदुस्थानातल्या दूधवाल्यांना आपण धर्मेंद्र असल्यासारखं वाटू लागलं. गंमत अशी, की मेव्हण्यांची यामाहासुद्धा १९८५ पासून याच एस्कॉर्ट्सच्या घरात तयार होत होती. म्हणजे दोन्ही गाड्या एकाच अंगणात वाढलेल्या, सावत्र बहिणी म्हणा. आणि यामाहावाल्यांनी तरी १९५५ साली आपली पहिली गाडी कशी काढली? जर्मनांची डीकेडब्ल्यू समोर ठेवून, पाटीवर अक्षर गिरवावं तशी गिरवून. हे सगळं मी मेव्हण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे भाऊजी. पण माझी अकरा हॉर्सपॉवरची आहे. तुमची?"

माझी साडेसात.

अश्वशक्ती हा शब्द ज्याने काढला त्या जेम्स वॅटला संसारी माणसांचे शिव्याशाप लागले असणार. बिचाऱ्याला आपलं वाफेचं यंत्र विकायचं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, माझे किती घोडे वाचतील? म्हणून त्याने चक्कीला जुंपलेल्या घोड्यांचं काम मोजलं आणि हिशेब बसवला. हिशेब व्यापाऱ्याचा, पण तेव्हापासून दोन पुरुष भेटले की एकमेकांचे घोडे मोजू लागतात. माझे साडेतीन घोडे कमी भरले. त्या रात्री मला झोप आली नाही. सातानंतरचा तो अर्धा घोडा तर फारच लागला. पुढचा अर्धा असेल की मागचा, याचाच मी पहाटेपर्यंत विचार करत होतो.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात असं म्हणतात. त्यातल्या एका रस्त्याच्या मागच्या बोळात एक तरुण मिस्त्री होता. त्याच्या दुकानात भिंतभर परदेशी रेसच्या गाड्यांची चित्रं लावलेली होती आणि खाली जमिनीवर देशी गाड्यांची हाडं पसरलेली होती. चित्रांचा आणि हाडांचा काही संबंध असावा, ही शंका मला तेव्हा यायला हवी होती. तो म्हणाला, "सर, कंपनी गाडीला आवळून धरती. तिच्यात जोर हाय, पण दाबून ठिवलाय. आपण फकस्त मोकळा करायचा."

शिक्षकाला हे वाक्य फार पटतं. आम्हीही पालकांना हेच सांगतो, मुलात गुण आहेत, फक्त बाहेर काढायला हवेत.

मग मोकळं करण्याला सुरुवात झाली. इंजिनाचं हेड लेथवर घासून पातळ केलं, म्हणजे आतली हवा जास्त दाबली जावी. सिलिंडरची भोकं, ज्यांना ते लोक पोर्ट म्हणतात, कानस मारून रुंद केली. मूळचा कार्बोरेटर काढून कुठल्याशा मोठ्या गाडीचा थोराड कार्बोरेटर बसवला. आणि शेवटी सायलेन्सर काढून त्या जागी मध्ये फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक लोखंडी नळी लावली. अजगराने बकरू गिळल्यावर तो जसा दिसतो, तशी ती दिसायची. मिस्त्री तिला 'चेंबर' म्हणाला. या सगळ्याला माझा एक पगार गेला. घरी मी 'किरकोळ दुरुस्ती' असं सांगितलं.

त्या अजगराचा इतिहास मला पुढे कळला. आधी कळला असता तर एक पगार वाचला असता. टू-स्ट्रोक इंजिनात एक जन्मजात खोड असते. जळलेला धूर बाहेर जायला जी खिडकी उघडते, तिच्यातूनच थोडं ताजं पेट्रोलही पळून जातं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन म्हणून एक इंजिनियर होता. त्याने धुराच्या नळीला असा आकार दिला, की आवाजाची लाट नळीच्या टोकाला आपटून परत फिरायची आणि पळून चाललेलं पेट्रोल धक्का मारून पुन्हा आत ढकलायची. शाळा सुटताना पळणाऱ्या पोरांना हेडमास्तरांनी फाटकावरून परत वर्गात हाकलावं, तसं. पण त्यासाठी नळीची लांबी-रुंदी आणि इंजिनाचा वेग यांचं गणित जुळावं लागतं. हेडमास्तर फाटकावर वेळेवर पोहोचले पाहिजेत. काडेनने हे गणित वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन सोडवलं आणि १९६१ साली सव्वाशे सीसीच्या इवल्याशा इंजिनातून पंचवीस घोडे काढले. माझ्या मिस्त्रीने तेच गणित वीत लावून सोडवलं.

आणि काडेनच्या गाडीचं तरी काय झालं? त्याचा स्वार होता अर्न्स्ट डेग्नर. १९६१ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या मुक्तिदिनी, स्वीडनमध्ये शर्यत होती. तेवढी जिंकली की डेग्नर जगज्जेता होणार होता. आणि ऐन शर्यतीत इंजिनाने मान टाकली. जगज्जेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं. डेग्नरने मात्र त्याच वेळी आपलीही मुक्ती साधली. बर्लिनची भिंत उभी राहून महिना झाला होता. बायको-पोरांना मोटारीच्या डिकीत लपवून पश्चिमेला आणवलं आणि तो स्वतः स्वीडनमधून पसार झाला, तो पुढे थेट सुझुकीवाल्यांकडे. जाताना काडेनची विद्या घेऊन गेला. दुसऱ्याच वर्षी सुझुकी पन्नास सीसीच्या वर्गात जगज्जेती झाली आणि स्वार अर्थातच डेग्नर. ती विद्या जर्मनीहून जपानला, जपानहून कुठे कुठे हिंडत, वाटेत बरीचशी सांडत शेवटी गंजगोलाईच्या बोळात आली. माझ्या वाट्याला नुसता आकार आला.

पण पहिले आठ दिवस! वाचकहो, ते आठ दिवस माझ्यापासून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. गाडी किंचाळत सुटायची. दूधवाले वळून पाहायचे. म्हशींनी ओळख सोडली. किल्लारीच्या बाजारातून मी असा काही जायचो, की भाजीवाल्या बायका टोपलीवर पदर धरायच्या. सौभाग्यवती मागे बसून काहीतरी म्हणायच्या, पण आवाजात ऐकू यायचं नाही. हा फायदा मिस्त्रीने बिलात लावला नव्हता.

आमचे घरमालक अण्णा यांनी मात्र पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. अण्णांचा जुना वाडा होता. गढीला शोभतील अशा दोन-अडीच फुटी दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर सागवानी तुळया आणि त्यांच्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात आत शिरलं की रांजणात बसल्यासारखं गार वाटायचं. आम्ही त्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. अण्णा काठी टेकून म्हणाले, "सर, हे काय करूलालाव? वरून समदं वाढीवलंव. खाली पिस्टन कुणाचा हाय?"

"जुनाच आहे."

"बेरिंगा?"

"त्याही जुन्याच."

"मग कंपनी काय येडी हाय व्हय?" एवढं बोलून अण्णा माळवदावर चढले. पावसाळा तोंडावर होता. दरवर्षी रोहिण्या लागायच्या आत अण्णा माळवदावर मातीचा नवा थर टाकून, पाणी मारून चोपून घ्यायचे, म्हणजे गळत नाही. त्यांच्या वडिलांनी टाकला होता, आज्यानेही टाकला होता. थरावर थर चढून ते माळवद दीड-दोन फूट झालेलं होतं. मी खालून त्यांना मातीच्या पाट्या उचलून देत होतो. गाडीबद्दल ते जे बोलले ते डोक्यावरच्या छताला कुणी विचारावं, हे त्यांच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.

गाडीसाठी मी त्यांच्या परवानगीने अंगणात चार मेढी रोवून पाच पत्र्यांचं छप्पर घालून घेतलं होतं. अण्णांना ते आवडत नसे. म्हणायचे, "पत्रा म्हंजे बिनबुडाचं काम. वारा आला की गेलं."

१९९२ चा पावसाळा आला आणि एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. जमिनीखालून आवाज यायचे. कुठेतरी लांब सुरुंग उडाल्यासारखा गडगडाट, मागोमाग बारीकसा हादरा, फडताळातली भांडी किणकिणायची. पहिल्या वेळी अर्धी गल्ली माझ्याच दारात आली. "सर, गाडी जरा हळू चालू करत जावा की, लेकरू दचकून उठलं!" मी लुंगीवर उभा, गाडी छपराखाली गार. पुढे पुढे तर हा नित्याचा विनोदच झाला. आवाज आला की लोक एकमेकांना विचारत, "भूकंप का सर?" आणि गाडी चालू केली की पोरं ओरडत, "भूकंप आला!" १८ ऑक्टोबरला मोठा धक्का बसला, काही घरांना तडे गेले आणि विनोद थांबला. लोक बाहेर झोपू लागले. महिनाभर गाव उघड्यावर होतं. मग थंडी वाढली, शेतीची कामं आली, हादरे बारीक झाले. माणूस कशालाही सरावतो. एकेक बाज आत गेली. आमचीही गेली.

इकडे गाडीच्या पोटातही एक आवाज येऊ लागला होता. चढाला जोर दिला की टिण् टिण् टिण्, कुणी चमच्याने पातेलं वाजवावं तसा. मी मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "गाडी मोकळी व्हायली सर, आवाज करनारच." मला ते पटलं. जे पटून घ्यायचं असतं ते पटायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत मी त्या आवाजालाही सरावलो.

डिसेंबरात हेडमास्तरांना लातूरला जिल्हा परिषदेत फाइल घेऊन जायचं होतं. एसटी चुकली. मी म्हणालो, "सर, बसा मागं. अशी पोहोचवतो." हेडमास्तर धोतर सावरून, फाइल पोटाशी धरून बसले. लामजना पाटीच्या अलीकडे समोर एक ट्रॅक्टर होता. मी ॲक्सिलेटर पिळला. गाडी किंचाळली, टिण् टिण् वाढलं आणि एकाएकी कुणीतरी घशात बोळा कोंबावा तसं सगळं गप्प झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, घसरत गेलं. बाभळीने आम्हाला झेललं. हेडमास्तरांनी फाइल सोडली नाही, याचा उल्लेख शाळेच्या इतिहासात व्हायला हवा. काटे काढताना ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या प्रासंगिक रजेचा अर्ज अजून माझ्याकडेच आहे."

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावी आणली. अण्णांनी त्यांच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. आमच्या भागाने यंत्र पाहिलं ते आधी विहिरीच्या काठी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर काढला, १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ साली शंतनुरावांच्या हातून पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. मग मोटेचे बैल दावणीला उभे राहिले आणि विहिरी भकभक करू लागल्या. त्या इंजिनांना ना दिखावा, ना घाई. पाच घोडे म्हणून सांगितलं की वर्षानुवर्षं पाच घोडे. म्हाताऱ्या मिस्त्रीची सगळी विद्या त्या भकभकीतली. त्याने सिलिंडर काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि पिस्टन माझ्या हातात दिला. एका बाजूने खरवडून निघालेला, माथ्यावर उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे.

"सर, हवा जास्त घेतली, पेट्रोल कमी पडलं. पेट्रोलातच ऑइल असतंय, म्हंजे ऑइलबी कमी. हेड घासल्यानं आत आग वाढली. पिस्टन ॲल्युमिनमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन लवकर फुगतो. फुगला, अडकला." मग थांबून म्हणाला, "पन ते येकदम न्हाई झालं. त्यानं आदी सांगितलं आसंल की. काई वाजत न्हवतं?"

वाजत होतं. महिनाभर वाजत होतं. मी तसं सांगितलं नाही.

सिलिंडर बोअर करून, नवा पिस्टन, नव्या रिंगा घालून म्हाताऱ्याने गाडी होती तशी करून दिली. नवं हेड, मूळचा कार्बोरेटर, मूळचा सायलेन्सर. पुन्हा साडेसात घोडे. म्हशींनी पुन्हा ओळख दिली. अजगर मी अण्णांच्या माळवदावर टाकून दिला. १९९३ च्या जूनमध्ये माझी बदली औशाला झाली. निघताना अण्णा म्हणाले, "तुमचं पत्र्याचं छप्पर काढून न्या." मी म्हणालो, "राहू द्या, म्हशीला होईल."

त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, आम्ही औशात बिछान्यावरून फेकल्यासारखे उठलो. आदल्या रात्री गणपती बोळवून गावंच्या गावं दमून घरात झोपली होती. पहाटेच एवढं कळलं, की किल्लारीकडे काही राहिलेलं नाही. मी गाडीला किक मारली. एका किकेत सुरू झाली.

त्या सकाळचं वर्णन मी आजवर कुठे केलेलं नाही, इथेही करणार नाही. किल्लारी, सास्तूर, कितीतरी गावं. आठ-दहा हजार माणसं गेली. सरकारी नकाशात हा मुलूख भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात रंगवलेला होता. पुढे तज्ज्ञ आले, त्यांनी सांगितलं, धक्का ६ च्या वर होता, पण मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडी भिंती बाजूला झाल्या आणि वरची पिढ्यापिढ्यांची माती एकदम खाली आली. मी अण्णांच्या वाड्यापुढे उभा होतो. वाडा नव्हता, ढीग होता. अण्णा दुपारी सापडले. त्यांच्या अंगावर जी माती होती, तिच्यातल्या काही पाट्या मी उचलून दिलेल्या होत्या.

काकू वाचल्या. त्या रात्री म्हैस व्यायला झाली होती, म्हणून त्या छपराखाली पोतं टाकून तिच्याजवळ बसल्या होत्या. पाच पत्रे एका बाजूला कलले, एक मेढ मोडली, बस्स. माझ्या गाडीला मी जे जे काही केलं, त्यातलं एवढंच कामाला आलं.

नंतरचे दिवस पावसाचे होते. रस्ते चिखलाचे, गाड्या रुतत होत्या. राजदूत रोज औसा-किल्लारी करत होती. दोन्ही बाजूंना दूधवाल्याच्या त्याच जुन्या किटल्यांत प्यायचं पाणी, मागे भाकरींचं गाठोडं, कधी औषधं, कधी एखादं माणूस. एकदाही थांबली नाही. मेव्हणेही पुण्याहून मदतीचा ट्रक घेऊन आले होते. चिखलात त्यांनी माझ्या मागे बसून चार खेपा केल्या. घोड्यांची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसली. नव्या किल्लारीत काकूंना घर मिळालं, भिंतीतून काँक्रीटचा पट्टा फिरवलेलं, वर हलकं छत. काकू असेपर्यंत मी दर दिवाळीला जायचो. म्हशीच्या त्या पारडीच्या लेकी-नातींचं दूध प्यायचो. उन्हाळ्यात घर तापतं म्हणून त्या कुरकुरायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, छतावर जरा माती टाकून घ्यावी म्हन्ते. गार ऱ्हाईल."

मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. पोरांवर हात उगारला नाही, आवाजही क्वचित चढवला. त्या दिवशी मात्र काकूंवर असा ओरडलो, की शेजारची पोरं अंगणात धावत आली.

"भूकंप?" त्यातलं एक म्हणालं.

"न्हाई रे," काकू म्हणाल्या, "सर हायेत."